किडनी खराब झाली ती तुमच्या सहीमुळे नाही

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातली. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. आता वय ६७. बरीच वर्षं बीपीसाठी टेल्मिसार्टनची गोळी घ्यायचे. २०१९ मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासलं तेव्हा किडनीची रक्ततपासणी, क्रिएटिनिन, १.० होती. एप्रिल २०२१ मध्ये त्यांना कोविड झाला. १७ तारखेला दाखल केलं तेव्हा ऑक्सिजन ८२ होता. रेमडेसिविरची इंजेक्शनं माझ्या मोठ्या भावानं, दादानं, रात्री-बेरात्री वणवण करून मिळवली. २१ ला व्हेंटिलेटर लावला. २२ ला क्रिएटिनिन १.९ आलं, २४ ला ४.८. लघवी जवळजवळ बंद झाली. २५ ला डायलिसिसच्या कागदावर मी सही केली. दादा नको म्हणत होता. चार वेळा डायलिसिस झालं, मग लघवी सुरू झाली आणि आप्पा घरी आले. महिनाभरानं क्रिएटिनिन १.५ होतं. पुढे ते ठणठणीत दिसत होते म्हणून आम्ही तपासलंच नाही. गेल्या महिन्यात पायांवर सूज आली. आता क्रिएटिनिन १.७ आहे आणि लघवीत प्रोटीन दोन प्लस. दादा सगळ्यांसमोर म्हणतो, 'डायलिसिसनं किडन्या घालवल्या, सही हिनं केली.' बीपीच्या गोळीनं किडनी जाते असा मेसेज वाचून आप्पांनी ती गोळी सोडली आहे आणि कुणीतरी दिलेला काढा घेतात. कोविड तर फुफ्फुसाचा आजार, मग किडनीला काय झालं? माझी सही चुकली का? आता कायमचं डायलिसिस लागेल का?

उत्तर:

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, तुमची सही चुकली नाही. तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी हे म्हणत नाही. तुम्ही लिहून पाठवलेल्या तारखाच ते सांगतात.

व्हेंटिलेटर २१ ला लागला आणि दुसऱ्याच दिवशी क्रिएटिनिन जवळपास दुप्पट होतं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा. किडनीला मार बसला की ते त्याच क्षणी वाढत नाही. ते रक्तात साचायला दिवस-दोन दिवस जातात. म्हणजे २२ च्या रिपोर्टमध्ये जे दिसलं ते २० किंवा २१ तारखेलाच घडून गेलं होतं. २४ पर्यंत ते ४.८ झालं आणि लघवी बंद पडली. तुमची सही २५ ची आहे. त्या कागदानं इजा केली नाही. झालेल्या इजेतून आप्पांना पार नेण्याची परवानगी तुम्ही त्या कागदावर दिलीत.

मग इजा केली कुणी? कोविडचा विषाणू श्वासातून आत येतो आणि पहिला घाव फुफ्फुसावर घालतो, म्हणून आपण त्याला फुफ्फुसाचा आजार म्हणतो. सौम्य आजारात ते बहुतांशी खरंही असतं. पण आजार गंभीर झाला की तो रक्तवाहिन्यांचा आजार होतो, आणि रक्तवाहिन्या सगळ्या अंगभर आहेत.

आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. रक्त विनाकारण गोठू न देणं, त्यातलं पाणी बाहेर झिरपू न देणं, वाहिनी कधी आवळायची आणि कधी सैल सोडायची हे ठरवणं, ही सगळी कामं तो थर करतो. तुमच्या भागात कालव्यांचं अस्तरीकरण तुम्ही पाहिलं असेल. अस्तर उखडलं की पाणी झिरपून शेजारची रानं चिबड होतात आणि शेवटच्या टोकाचं शिवार मात्र कोरडं राहतं. गंभीर कोविडमध्ये रक्तवाहिनीच्या अस्तराचं तेच होतं. द्रव बाहेर झिरपतो, आत बारीक बारीक गुठळ्या होतात आणि पुढच्या पेशींना रक्त पोहोचत नाही.

हे डॉक्टरांच्या लक्षात फार लवकर आलं. एप्रिल २०२० मध्येच झुरिचच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातला एक ७१ वर्षांचा होता आणि त्याला आधी किडनी प्रत्यारोपण झालेलं होतं. त्यांना रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजलेलं आढळलं आणि त्या प्रत्यारोपित किडनीतल्या अस्तराच्या पेशींत विषाणूसारखे कण दिसले. ते कण खरोखर विषाणूचेच होते का, यावर पुढे बराच वाद झाला, कारण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतले नेहमीचे घटकही तसेच दिसू शकतात. माझ्या मते आप्पांसारख्या रुग्णासाठी हा वाद दुय्यम आहे. विषाणूनं स्वतः आत शिरून अस्तर बिघडवलं असो की शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या भडक्यात ते होरपळलं असो, अस्तराला इजा होते यावर दुमत नाही. त्याच वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक तुलना आली. कोविडनं गेलेल्या ७ जणांची फुफ्फुसं इन्फ्लुएन्झानं गेलेल्या ७ जणांच्या फुफ्फुसांशी ताडून पाहिली होती. कोविडच्या फुफ्फुसांतल्या केशवाहिन्यांत बारीक गुठळ्या ९ पट होत्या.

२०२१ च्या त्या उन्हाळ्यात घरोघरी 'डी-डायमर किती आलं?' असं विचारलं जायचं, तुम्हाला आठवत असेल. डी-डायमर वाढतं ते गुठळ्या होऊन विरघळत असतात म्हणून. आप्पांच्या पोटावर हेपरिनची इंजेक्शनं दिली असतील तर ती याच गुठळ्यांसाठी.

आता किडनीकडे येऊ. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त, या दोन मुठीएवढ्या अवयवांतून जातं. एकेका किडनीत अंदाजे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुच्छ. त्यापुढे बारीक नलिका असतात. गाळून आलेल्यातलं कामाचं सगळं त्या परत शोषून घेतात आणि त्यासाठी त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. गंमत नाही, पण निसर्गाची रचना अशी की किडनीच्या आतल्या भागाला निरोगी माणसातही ऑक्सिजन जेमतेमच मिळतो. आप्पांचा ऑक्सिजन ८२ वर आला होता. अंगात दाह पेटलेला, केशवाहिन्या सुजलेल्या, काही ठिकाणी तुंबलेल्या. त्यातच व्हेंटिलेटरच्या दाबामुळे छातीकडे परतणारं रक्त कमी होतं आणि रक्तदाबही खाली येतो. अशा वेळी पहिला बळी जातो तो या नलिकांचा. कोविडमध्ये मरण पावलेल्यांच्या किडन्या तपासल्या तेव्हा सर्वांत जास्त वेळा आढळली ती नलिकांचीच इजा. विषाणू पेशीला ज्या एसीई-२ नावाच्या कडीला धरून आत शिरतो, ती कडी या नलिकांच्या पेशींवर भरपूर असते. त्यामुळे काही रुग्णांत विषाणूनं थेट किडनी गाठली असणंही शक्य आहे. पण बहुतेकांत एकच एक कारण सापडत नाही. आप्पांच्या बाबतीतही मी चार-पाच कारणं एकत्र धरतो, आणि त्यातलं एकही तुमच्या घरातल्या कुणाच्या हातात नव्हतं.

न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालय-समूहानं २०२० मध्ये ५,४४९ कोविड रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांच्या किडनीला तीव्र इजा झाली होती. ज्यांना व्हेंटिलेटर लागला त्यांच्यात हे प्रमाण जवळपास ९० टक्के होतं, न लागलेल्यांत सुमारे २२ टक्के. आणि व्हेंटिलेटरवरच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत ही इजा नळी घातल्याच्या आगेमागे २४ तासांत दिसली. आता आप्पांच्या २१ आणि २२ तारखा पुन्हा बघा.

डायलिसिसबद्दल लोकांच्या मनात एक समज खोल बसला आहे: एकदा डायलिसिस केलं की किडनी कायमची गेली. ज्यांची किडनी वर्षानुवर्षं झिजून संपली आहे त्यांना डायलिसिस कायमचं लागतं, हे आपण आजूबाजूला बघतो, म्हणून तसं वाटतं. आप्पांची गोष्ट वेगळी होती. त्यांची किडनी अचानक थांबली होती. लघवी बंद पडली की पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबू शकतं. पाणी फुफ्फुसात साचतं आणि जो माणूस आधीच व्हेंटिलेटरवर आहे त्याला ते सोसत नाही. किडनीला सावरायला वेळ मिळावा म्हणून तिचं काम तेवढ्या दिवसांपुरतं यंत्रानं केलं. डायलिसिसदरम्यान रक्तदाब घसरला तर किडनी सावरायला थोडा उशीर लागू शकतो, हेही सांगतो, म्हणजे मी काही झाकून ठेवलं असं दादांना वाटू नये. पण त्या दिवशी समोर दुसरा मार्ग नव्हता. अमेरिकेतल्या ६७ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतल्या ३,०९९ कोविड रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या ६३७ जणांना डायलिसिससारखे उपचार लागले आणि त्यांच्यातले निम्म्याहून अधिक २८ दिवसांच्या आत गेले. जे वाचून घरी परतले त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांचं डायलिसिस घरी जातानाही चालूच होतं. आप्पा वाचले, आणि त्यांचं डायलिसिस सुटलंही. त्या परिस्थितीत याहून चांगलं फारसं काही घडू शकत नव्हतं.

आता दादांबद्दल. रेमडेसिविर त्यांनी मिळवलं, असं तुम्ही लिहिलंत. त्या वेळी किडनीचं काम फार कमी असेल तर हे इंजेक्शन देऊ नये अशी सूचना होती आणि ती बातम्यांतूनही फिरत होती. मला शंका येते की दादांच्या मनात कुठेतरी 'मीच आणलेल्या इंजेक्शनानं तर नाही ना?' हा काटा रुतून बसला आहे. तसं असेल तर त्यांना हे जरूर सांगा. ती सूचना मुख्यतः सावधगिरीची होती, कारण तशा रुग्णांवर औषध तपासलेलं नव्हतं. पुढे तपासण्या झाल्या आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना, अगदी डायलिसिसवरच्या रुग्णांनाही, ते डोस न बदलता द्यायला मान्यता दिली. किडनीला खरोखर त्रास देणारी औषधं वेगळी आहेत. काही अँटिबायोटिक्स आहेत. काळ्या बुरशीसाठी २०२१ मध्ये महाराष्ट्रात अनेकांना द्यावं लागलेलं अँफोटेरिसिन आहे, त्यातही त्याचा जुना, स्वस्त प्रकार. आप्पांना यातलं काही दिलं होतं का, ते डिस्चार्ज कार्डावर सापडेल. पण दिलं असलं तरी ते जीव वाचवायला दिलं होतं, आणि २२ तारखेचा रिपोर्ट बदलत नाही.

तुम्ही तीन-चार वर्षं तपासलं नाही, याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. किडनीला तीव्र इजा झालेल्या प्रत्येकाची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी व्हावी, असं आमच्या किडनीविकार शाखेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१२ पासून सांगत आली आहेत. हे डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरांत असायला हवं. फार कमी कार्डांवर मला ते दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरून सेंट लुइसच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की कोविडमधून वाचलेल्यांच्या किडनीचं काम पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा जास्त घसरतं. आजार जितका गंभीर, तितकी घसरण जास्त. हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी कुणी तेव्हा व्हेंटिलेटरवर होतं, त्यांनीही या महिन्यात क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्यावी.

आता आजचे आप्पा. ६७ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.७ म्हणजे किडनीचं काम, ज्याला रिपोर्टवर ईजीएफआर म्हणतात, साधारण ४४ च्या आसपास. निरोगी तरुणात ते ९० च्या वर असतं. डायलिसिसचा विचार आम्ही बहुतेकदा ते दहाच्या आसपास उतरल्यावर आणि त्रास सुरू झाल्यावर करतो. तेव्हा आप्पा त्या दारापासून बरेच लांब आहेत. मला क्रिएटिनिनपेक्षा लघवीतल्या प्रोटीनची काळजी जास्त वाटते. प्रोटीन गळतंय म्हणजे गाळण्यांना इजा आहे, आणि गळत राहिलं तर उरलेल्या गाळण्याही झिजतात. हे सगळं कोविडचंच असेल असंही नाही. इतक्या वर्षांच्या बीपीनं थोडी झीज आधीच झालेली असू शकते, आणि आता गोळी बंद असल्यानं बीपी वाढून त्यात भर पडली असेल.

म्हणून सगळ्यांत आधी त्या गोळीचं बघा. टेल्मिसार्टन किडनी घालवत नाही. उलट लघवीतलं प्रोटीन कमी करणाऱ्या मोजक्या औषधांपैकी ते एक आहे. मेसेज कुठून जन्मतात याचा मला अंदाज आहे. ही गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन सुरुवातीला थोडं वाढतं, कारण गाळण्यांमधला दाब उतरतो. ३० टक्क्यांपर्यंतची ती वाढ आम्ही चालवून घेतो. २०२० मध्ये तर या गटातल्या गोळ्यांनी कोविड बळावतो अशीही भीती पसरली होती. ब्राझीलमध्ये ६५९ रुग्णांवर चाचणी झाली, निम्म्यांची गोळी थांबवली, निम्म्यांची चालू ठेवली, आणि काही फरक पडला नाही. मात्र आज पोटॅशियम किती आहे ते न बघता घरच्या घरी पुन्हा सुरू करू नका. डॉक्टरांना दाखवून सुरू करा आणि दोन ते चार आठवड्यांत पोटॅशियम-क्रिएटिनिन पुन्हा तपासा. पुढे कधी जुलाब-उलट्या लागल्या तर तेवढे दिवस ती थांबवायची असते, हेही त्यांच्याकडून समजून घ्या.

काढा आजच बंद करा. त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, देणाऱ्यालाही नीट माहीत असेल असं नाही. काही वनस्पतींत किडनीला थेट विषारी द्रव्यं असतात आणि काही भस्मांत जड धातू. आयुर्वेदावर माझा राग नाही, पण नाव-गाव नसलेल्या पुडीवर आणि बाटलीवर आहे. कोविडच्या दिवसांत लागलेली व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्यांची सवय अजून असेल तर तीही सोडा. तिचं शरीरात ऑक्झलेट होतं आणि ते किडनीत साचू शकतं.

गुडघे-पाठ दुखली म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आप्पांना कायमच्या वर्ज्य. आयुष्यभर गाड्यांखाली वाकून काम केलेल्या माणसाला ही सवय असतेच, म्हणून मुद्दाम विचारा. ते स्वतःहून सांगणार नाहीत. दुखलं तर पॅरासिटामॉल.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, खारे शेंगदाणे सगळं आलं. सैंधव चालत नाही का, असं प्रत्येक घरातून विचारलं जातं. सैंधव हेही मीठच आहे. आणि 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं, ते तर आप्पांसाठी धोक्याचं. किडनी धुऊन निघेल म्हणून पाच-पाच लिटर पाणी पाजू नका. पायांवर सूज असताना ते उलटं पडतं. डाळी, अंडी पूर्ण बंद करून माणूस खंगवूही नका.

तपासण्या सांगतो. क्रिएटिनिन, पोटॅशियम, रक्तातलं अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, सकाळच्या पहिल्या लघवीची एसीआर (प्रोटीन किती गळतं याचं नेमकं मोजमाप), लघवीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि किडन्यांची सोनोग्राफी. सूज आहे म्हणून हृदयाची टूडी-इकोही. एसीआर ३०० च्या वर आली, किंवा लघवीत रक्तपेशी दिसल्या, तर किडनीचा बारीक तुकडा काढून तपासावा लागू शकतो. त्याला घाबरून नाही म्हणू नका. त्यातूनच कळेल की हा जुना व्रण आहे की आत काही अजून पेटतंय. डॅपाग्लिफ्लोझिनबद्दलही डॉक्टरांना विचारा. हे मधुमेहाचं औषध, पण मधुमेह नसलेल्यांचीही किडनी ते जपतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,३०४ रुग्णांच्या चाचणीत किडनी निकामी होणं, तिचं काम निम्म्यावर येणं आणि किडनी किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारानं मृत्यू यांचा मिळून धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे त्याच्या स्वस्त गोळ्या मिळतात. बीपी घरी मोजायचं यंत्र घ्या आणि १३० बाय ८० च्या खाली ठेवायचं लक्ष्य ठेवा.

हे सगळं नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीतज्ज्ञांना, दाखवायला जाताना २०१९ चा रिपोर्ट, २०२१ चं डिस्चार्ज कार्ड आणि गेल्या महिन्याचे कागद घेऊन जा, आणि दादांना सोबत घ्या. 'तू चुकलास' हे ऐकवायला नको. 'मला एकटीला सगळं समजत नाही, तू विचार' असं म्हणून न्या. ज्या माणसानं बापासाठी रात्री-बेरात्री वणवण केली तो येईल. तारखा डॉक्टरांनाच मोठ्यानं वाचू द्या, तुम्ही वाचू नका. आणि आप्पांची लघवी कमी झाली, आडवं झाल्यावर दम लागू लागला किंवा तोंडावर सूज दिसली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.